सदतीस किटल्या आणि एक खरी

भोपळा संपून सात महिने झाल्यावर त्याची नीट काळजी घ्यावी असं पत्र शाळेत आलं.

पत्र शिक्षण खात्याचं होतं. त्यावरची तारीख वर्षाच्या सुरुवातीची होती, आणि मधले सात महिने ते कुठे होतं याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. बाकी मजकूर स्वच्छ होता. सातवीच्या वर्गाने वस्तुचित्रणाचा प्रकल्प करावा. ज्या वस्तू समोर मांडून मुलांनी चित्रं काढली, त्या पडताळणी होईपर्यंत जशाच्या तशा जतन कराव्यात. तपासनीस स्वतः येऊन चित्र आणि वस्तू ताडून पाहतील. सगळी चित्रं जुळली, तर त्या शाळेत चित्रकलेचा उपयोग होतो असं समजण्यात येईल. एक जरी जुळलं नाही, तर चित्रकलेची खोली झेरॉक्स मशीनला देण्यात येईल आणि चित्रकलेच्या बाईंची इतरत्र कुठे गरज आहे का, ते पाहण्यात येईल. गरज नसली तर काय, ते शेवटी बारीक अक्षरात होतं. बाईंनी चष्मा लावून ते वाचलं, मग चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

आता, प्रकल्प झाला नव्हता असं नाही. बाई अकरा वर्षं दर सातवीला वस्तुचित्रण देत आल्या होत्या, खातं सांगो न सांगो. यंदा त्यांनी तिवईवर तीन वस्तू मांडल्या होत्या: शिक्षकांच्या खोलीतली ॲल्युमिनियमची किटली, एक लाल भोपळा आणि शिपाईमामांचा डावा बूट. अडतीस मुलांनी पाच तास बसून अडतीस चित्रं काढली. त्यानंतर तिन्ही वस्तू आपापल्या संसाराला लागल्या. भोपळा हेडसरांच्या घरी गेला आणि दोन दिवसांत संपला; तो हेडसरांच्या सासूबाईंना पचला नाही, हेसुद्धा शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. बुटाचा तळ सुटला तेव्हा मामांनी दोन्ही बूट टाकले, कारण एकटा उजवा ठेवून ते काय करणार. किटली मात्र होती. ती एकदा जिन्यावरून खाली आली होती, अकराच्या अकरा पायऱ्या. गणिताचे सर म्हणत की ती आपोआप पडली. त्या वेळी ती त्यांच्या हातात होती, एवढंच ते मान्य करत. किटलीच्या पोटाला लिंबाएवढा पोचा आला होता.

हेडसरांनी बैठक बोलावली. हेडसर हा भला माणूस. आलेला कुठलाही कागद न भरता परत पाठवायचा नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. एकदा पाण्याच्या टाकीच्या माहितीपत्रकात 'वैवाहिक स्थिती' असा रकाना चुकून आला होता, तोही त्यांनी विचार करून भरला होता. पडताळणीला दोन आठवडे होते. हेडक्लार्कने लगेच उपाय सांगितला. नवा भोपळा आणायचा, कुणाचा तरी बूट आणायचा, पोचा आलेली किटली आहेच. आणि चित्रांवरून बाईंनी जरासा हात फिरवून ती या नव्या वस्तूंना जुळती करायची. अडतीस चित्रं म्हणजे एका दुपारचं काम. हेडसरांना ते पटलं. गणिताच्या सरांना तर फारच पटलं, कारण त्यात जिन्याचा विषय निघत नव्हता.

"मुलांच्या चित्राला मी हात लावत नाही," बाई म्हणाल्या.

हे सगळ्यांना माहीत होतं, पण बाई ते आत्ता, स्वतःची नोकरी टेबलावर असताना म्हणतील असं कुणाला वाटलं नव्हतं. बाईंच्या एप्रनच्या खिशात हाताएवढ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असे. एखाद्या पोराचं घोडं अडलं की बाई त्याच्या शेजारी बाकावर बसत, आपल्या चिठ्ठीवर ते घोडं काढून दाखवत आणि उठत. पोराच्या कागदावर त्यांच्या पेन्सिलीचा ठिपकाही कधी पडला नव्हता. मागे एका मुलीच्या वडिलांनी घरी रात्रभर बसून मुलीचं चित्र सुधारून दिलं, तर बाईंनी ते वडिलांच्या नावावर लावून त्यांना सहापैकी अडीच मार्क दिले होते. वडील येऊन अर्ध्या मार्कासाठी भांडून गेले.

"एकदाच लावा हो," हेडसर अजिजीने म्हणाले. "तुमचीच खोली वाचणार आहे."

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या वर्गावर गेल्या.

वर्गाला त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सातवीच्या मुलांना मोठ्यांची अडचण ऐकायला मिळाली की ती फार शहाण्यासारखी वागतात. कुणी हसलं नाही. वर्गात एक मुलगी होती, जिला सगळे शंका म्हणत. तिने हात वर केला. तिचं म्हणणं असं, की पत्रात चित्र वस्तूला जुळवा असं कुठे आहे? दोन्ही जुळली पाहिजेत, इतकंच आहे. चित्रं तर आहेत. नाहीत त्या वस्तू. मग ज्या नाहीत त्या करायच्या, आणि करायच्याच आहेत तर चित्रात आहेत तशा करायच्या.

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी वळून विचारलं, "घरून रद्दी कोण कोण आणेल?"

अडतीस हात वर झाले.

अशा रीतीने सातवीचा दुसरा प्रकल्प सुरू झाला. बादल्यांमध्ये कागद भिजत पडले. खळ शिजली. तारेचे सांगाडे उभे राहिले आणि त्यांच्यावर लगद्याचे थर चढू लागले. बाईंनी नियम एकच केला: समोर फक्त स्वतःचं चित्र ठेवायचं, खरी किटली कशी असते ते विसरायचं. हा नियम वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. एकाने गडबडीत तोटी आणि मूठ एकाच बाजूला काढली होती. आता ती तशी करायला बसला तर किटली सारखी तोंडावर पडे. शेवटी तिच्या पोटात आतून दगड भरला. पट्टी नावाचा मुलगा आयुष्यात कुठलीही रेघ पट्टीशिवाय मारत नसे. त्याचा भोपळा चौकोनी होता, आणि तो त्याने खोक्यासारखा कडा दुमडून इतका सुबक केला, की मामा येऊन विचारून गेले, यात काय ठेवतात. एकीचा बूट भोपळ्याच्या तिप्पट होता. तो खोलीच्या दारातून बाहेर जाणार नव्हता, पण पडताळणी आतच व्हायची असल्याने ते चालून गेलं. एकाचा भोपळा तिवईवर टेकलेलाच नव्हता, दोन बोटं वर होता. तो छताच्या हुकाला काळ्या दोऱ्याने टांगला. आणि घाई म्हणून जो मुलगा होता, त्याचं चित्र घंटा झाली तेव्हा अर्धंच झालं होतं. त्याने अर्धा बूट केला आणि जिथे घंटा झाली तिथे थांबला.

खिडक्यांच्या कट्ट्यांवर, कपाटांवर, बाकांखाली किटल्या वाळत पडल्या. खोलीला ओल्या वर्तमानपत्राचा वास येऊ लागला. हेडसर रोज एकदा दारातून डोकावत, मोजत, आणि काही न बोलता जात. एकदा फक्त म्हणाले, "दोन तोट्यांची कोणी काढली होती?" बाई म्हणाल्या, "तिला खोडायचं राहून गेलं होतं." हेडसरांनी ते वहीत लिहून घेतलं, न जाणो कुठल्या रकान्यात लागेल.

अडचण होती ती फक्त खोडरबरची. ही मुलगी एक रेघ काढी आणि तीन खोडी. घड्याळदुरुस्ती करणाऱ्या आईची लेक, तिला कणभर चूकही सोसत नसे. तिचं चित्र हुबेहूब होतं. साहजिकच तिची कागदी किटलीही हुबेहूब करावी लागली, पोच्याआधीची. तिने चंदेरी रंग देऊन मूठसुद्धा अशी घडवली, की हात आपोआप तिकडे जावा. पडताळणीच्या आदल्या दिवशी खऱ्या किटलीशी ताडून बघायला ती आपली किटली शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली. तेवढ्यात घंटा झाली आणि ती टेबलावरच ठेवून वर्गात पळाली. मामांनी येऊन तिच्यात उकळता चहा ओतला.

किटली तीन मिनिटं टिकली. खोडरबरच्या कारागिरीचं याहून मोठं कौतुक कुणी करू शकलं नसतं, पण त्या वेळी ते कुणाला सुचलं नाही. मामा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "पोरी, मला वाटलं आपली जुनीच बरी झाली," ते म्हणाले. लगदा वाळायला चार दिवस लागत. हातात एक रात्र होती.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. वय चोपन्न, बारीक अंगाचे, गळ्यात शिंप्यासारखी टेप. पडताळणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका शाळेत पृथ्वीचे गोल तपासताना त्यांनी एक महासागर कमी असल्याचं पकडलं होतं, आणि तो महासागर कुठे गेला याचा खुलासा शाळेला करता आला नव्हता. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, टांगलेल्या भोपळ्याला डोकं लागू नये म्हणून वाकले आणि खिशातून भिंग काढलं.

चित्र एक, किटली एक. तोटी उजवीकडे, तोटी उजवीकडे. जुळतं. चित्र चार, मूठ नाही. किटली चार, मूठ नाही. जुळतं. चौकोनी भोपळा त्यांनी चारी बाजूंनी मोजला. अर्ध्या बुटाची तुटलेली कड चित्रातल्या कडेला लावून पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं, की हेडसरांना खुर्चीवर बसावंसं वाटलं. तपासनीस हेडक्लार्कला सांगत होते की पंचवीस वर्षांच्या नोकरीत अशी शाळा पाहिली नाही. इतर शाळांत वस्तू एक आणि चित्रं भलतीच. कुणी वस्तूकडे लक्षच देत नाही.

सदतीस झाली. अडतिसावं चित्र खोडरबरचं. त्याच्यासमोर तिवईवर खरी किटली होती, कारण दुसरी नव्हती.

तपासनीसांनी चित्र पाहिलं, किटली पाहिली, किटली फिरवली. पोचा भिंतीकडे करून ठेवला होता, तो पुढे आला.

"हा चित्रात नाही," ते म्हणाले.

गणिताचे सर छताकडे बघू लागले. तपासनीसांचा चेहरा पडला. त्यांनाही ते नको होतं. पूर्ण जुळलेली शाळा हे त्यांचं स्वप्न होतं आणि ते एका लिंबाएवढ्या पोच्याने अडलं होतं. त्यांनी घसा साफ केला, आपली पेन्सिल काढली आणि ती बाईंपुढे धरली.

"एक छोटीशी रेघ," ते म्हणाले. "मी तोवर खिडकीबाहेर बघतो. बाहेर बघण्यासारखं बरंच आहे."

बाईंनी पेन्सिल घेतली नाही. मग तपासनीसांनी ती खोडरबरपुढे धरली. खोडरबर बाईंकडे बघू लागली. बाई म्हणाल्या, तुझं चित्र आहे, तुला वाटेल ते कर. खोडरबर स्पष्ट आवाजात म्हणाली,

"मी काढलं तेव्हा पोचा नव्हता."

तपासनीस सुस्कारा सोडून बसले आणि त्यांनी तफावतीचा नमुना बाहेर काढला. तफावतीचे नमुने त्यांनी कधी भरले नव्हते असं नाही; पण चित्रकलेचा वेगळा होता, यंदाच निघाला होता. आठ रकाने झरझर भरले. नवव्यावर ते थांबले. त्यांनी तो मनात वाचला, मग पुटपुटत वाचला, मग हेडसरांना वाचायला दिला. हेडसरांनी मोठ्याने वाचला: तफावत दिसेल असे वस्तूचे रेखाटन तपासनीसाने स्वहस्ते काढून त्याची मूळ प्रत सोबत जोडावी. रेखाटन वस्तूशी जुळावे. न जुळल्यास तफावत सिद्ध झाली असे मानता येणार नाही.

"मला चित्र येत नाही," तपासनीस म्हणाले. चोपन्न वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी विचारली नव्हती.

त्यांना खिडकीजवळचा तिसरा बाक दिला. त्यांचे गुडघे बाकात मावेनात. त्यांनी किटली काढली. ती बदकासारखी आली. दुसरी काढली, ती जास्त बदकासारखी आली. पोचा काढला की तो बाहेर आलेल्या गळवासारखा दिसे. खोडला की किटली गुळगुळीत होई, आणि मग तफावतच राहत नसे. संध्याकाळपर्यंत त्यांच्यापुढे अकरा कागद झाले. पट्टीने त्यांना आपली पट्टी देऊ केली. त्यांनी ती घेतली, आणि प्रकार आणखीच बिघडला.

ते दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. पडताळणी चालू असताना खोलीतली कुठलीही वस्तू हलवता येत नाही, असा नियम होता, त्यामुळे झेरॉक्स मशीन आलं तेव्हा ते व्हरांड्यात ठेवून त्यावर ताडपत्री टाकली. बाई आपला तास घेत राहिल्या. मधूनच त्या तिसऱ्या बाकाशी जात, चिठ्ठीवर किटली काढून दाखवत आणि उठत. तपासनीस काकुळतीला येऊन म्हणत, "बाई, एवढी कड तरी तुम्हीच मारा." बाई त्यांच्या कागदाला हात लावत नसत.

आठवड्याभरात वर्गाच्या लक्षात आलं की हे काही ठीक चाललेलं नाही. तपासनीसांची किटली सुधारत होती. बदक गेलं होतं, झाकण बसू लागलं होतं. ते जितक्या लवकर शिकतील तितक्या लवकर नमुना भरला जाणार, आणि बाई जाणार. मधल्या सुट्टीत शंका बाईंकडे गेली. साहेबांना थोडं वाईट शिकवता येणार नाही का, असं तिने विचारलं. म्हणजे फार नाही, थोडंसंच.

बाई ब्रश धूत होत्या. "वाईट शिकवायचं मला कुणी शिकवलं नाही गं," त्या म्हणाल्या. "आता या वयात कुठे शिकू?"

त्या दिवशी तासाला त्यांनी तपासनीसांना सांगितलं की पोचा काढूच नका. तो खड्डा आहे, खड्ड्याला रेघ नसते. त्याच्या एका कडेला उजेड पडलाय, तेवढा कागद कोरा सोडा. दुसऱ्या कडेला अंधार आहे, तो हळूहळू भरा. तपासनीसांनी किटलीकडे प्रथमच टेप न काढता पाहिलं. पंधरा मिनिटं ते नुसते पाहत होते. त्यांना वाटलं होतं की ॲल्युमिनियम एका रंगाचं असतं.

तेविसाव्या दिवशी, शेवटच्या तासाला, त्यांच्या बाकावरून काहीच आवाज येईना. घाई बघून आला आणि गुपचूप जागेवर बसला. मग एकेक जण उठून बघून आलं. किटली कागदावर होती, पोटाला पोचा होता, आणि तो आत गेलेला होता. काय झालंय ते सगळ्यांना कळलं होतं.

तपासनीसांना मात्र काही कळण्याच्या पलीकडे आनंद झाला होता. "बाई," त्यांनी हाक मारली, "जमलं का?"

बाईंनी कागद लांबून पाहिला, जवळून पाहिला. त्यांना तीन शब्दच म्हणायचे होते, तरी वेळ लागला.

"जमलं. छान जमलं."

खोडरबरला बोलावलं. तिने किटली आणि कागद ताडून पाहिले, पोच्याची वरची कड बोटाने मापली आणि म्हणाली, "जुळतंय." मग ती जागेवर जाऊन खाली मान घालून बसली.

बातमी खाली पोचायला वेळ लागला नाही. हेडक्लार्क फाईल आणि स्टेपलर घेऊन आला, मागोमाग हेडसर. हेडक्लार्कने हात पुढे केला. तपासनीसांनी कागद छातीशी धरला.

"हे कशाला?"

"जोडायचं आहे ना, साहेब. नववा रकाना."

"जोडायला मूळ प्रत लागते," तपासनीस म्हणाले.

"मूळच द्या."

"मूळ नाही देणार," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. इतका साधा, की हेडक्लार्कने हात मागे घेतला. "आईला दाखवायचंय. ती ब्याऐंशीची आहे. मी काढलंय यावर तिचा विश्वास बसणार नाही, पण दाखवायचंय."

हेडसरांनी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोरचा एक रकाना रिकामा राहणार होता, आणि त्यांना त्याचं म्हणावं तितकं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले की साहेबांनी फाईलसाठी दुसरं काढावं. वेळेचं बंधन पत्रात कुठेच नाही, त्यांनी पाहिलं होतं. हेडक्लार्क म्हणाला, कार्यालयाला काय कळवू? तपासनीसांनी सांगितलं, पडताळणी चालू आहे असं कळवा. मग त्यांनी चित्राखाली सही केली, ती फाईलवर करायची सवय असलेली, टोकापासून टोकापर्यंत. बाई पुढे झाल्या.

"सही बारीक करा," त्या म्हणाल्या. "किटलीला जागा राहू द्या."

त्यांनी सही खोडली, बारीक केली, आणि कोरा कागद घेऊन पुन्हा बाकात गुडघे घातले. वर्गात कुजबुज सुरू झाली, लगद्याची बादली कुणीतरी पायाने लवंडली, बाई ओरडल्या. तपासनीस मान वर न करता विचारत होते, की फाईलमधलं जरा रंगीत केलं तर चालेल का.

"रंग पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या. "आधी सावली नीट होऊ दे."